खोटे ओळखणारे यंत्र आहे का?

खोटे बोलणारा माणूस कसा ओळखावा, हा प्रश्न फार जुना आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत कपटी माणसाची लक्षणे दिली आहेत : तो ओठांचे कोपरे चाटतो, त्याच्या कपाळावर घाम येतो, चेहऱ्याचा रंग उडतो. संशयिताला तांदूळ चावायला लावण्याचे दिव्यही धर्मशास्त्रात आढळते. भीतीने लाळ आटते, हे त्यामागील शारीरिक कारण असावे. मराठेशाहीत वतनाच्या तंट्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे 'रवा दिव्य' करीत. हात भाजलेला दिसला की तो पक्ष खोटा ठरे.

१९२१ साली अमेरिकेत बर्कली येथील पोलीस खात्यातील जॉन लार्सन यांनी रक्तदाब व श्वसन यांचा सलग आलेख काढणारे यंत्र तयार केले. पुढे त्यात घामामुळे त्वचेच्या विद्युतवाहकतेत होणाऱ्या बदलांची भर पडली. हाच पॉलिग्राफ. पण हे बदल घडवणारी अनुकंपी चेतासंस्था कोणत्याही भीतीने चेतवली जाते. गुन्हेगाराला पकडले जाण्याची भीती असते, तशी निरपराध माणसालाही आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही अशी भीती असते. आलेखात हा फरक दिसत नाही.

हे वर्गात गणिताने दाखवता येईल. समजा, शंभर मुलांपैकी एकाने पैसे चोरले आणि यंत्र शंभरात नव्वद वेळा बरोबर सांगते. तरीही ९९ निरपराध मुलांपैकी सुमारे १० जण चोर ठरतील!

मग लक्ष मेंदूकडे वळले. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या खटल्यात शिक्षा देताना आरोपीच्या मेंदूच्या विद्युत-आलेखाचाही आधार घेतला. गुन्ह्याविषयीची वाक्ये ऐकवून 'अनुभवाची आठवण' शोधण्याची ही पद्धत होती. त्याच वर्षी बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने ती अशास्त्रीय ठरवली. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीवाचून पॉलिग्राफ, नार्को वा मेंदूची चाचणी करण्यास मनाई केली. संमतीने केलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतःहून पुरावा ठरत नाही, असेही सांगितले.

तरी यंत्राचे आकर्षण कमी झालेले नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये वसईच्या एका तरुणीने तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती : सोबती मारहाण करतो, ठार मारून तुकडे करण्याची धमकी देतो. पुढच्याच महिन्यात तिने ती मागे घेतली. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला. सोबत्यावर आरोप आला आणि त्याच्या पॉलिग्राफ व नार्को चाचण्यांची देशभर चर्चा झाली. तुळिंजमधला कागद मात्र त्याआधी दोन वर्षे लिहिलेला होता. मारहाणीच्या खुणा पाहून, शेजाऱ्यांना विचारून अशी तक्रार पडताळता येते, आणि त्यासाठी कोणाच्याही घामाचा आलेख लागत नाही.