भोकरदनची बाई, पॉम्पेईची भिंत

जालन्यात स्टील आणि बियाण्यांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या नव्या बंगल्यांच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर हल्ली एक मोठी फ्रेम दिसते. पूर्वी तिथे धावते घोडे असत. आता रोमचे कलोसियम, हंपीचा दगडी रथ, वेरूळचे कैलास. कॅनव्हासवर छापलेले, जमल्यास पाच तुकड्यांत, वर पिवळा स्पॉटलाइट. इंटिरिअरवाला सांगतो, "याने रॉयल लुक येतो." यजमानही मान डोलावतात.

पडझड भिंतीवर टांगायची ही हौस मूळची आपली नव्हे. भंगलेली मूर्ती आपण देवघरात ठेवत नाही, वाहत्या पाण्यात सोडतो. तडकलेला आरसासुद्धा आजी लगेच उतरवायला लावते. अशा घरात मोडक्या देवळाचे चित्र पैसे मोजून कसे शिरले?

ते आले रोमहून, लंडनमार्गे. अठराव्या शतकात इंग्रज श्रीमंतांची मुले शिक्षण पुरे करायला इटलीला जात. परतताना आठवण म्हणून काही न्यायचे, तर तैलचित्र महाग आणि अवजड. जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसीने ही अडचण ओळखली. तांब्याच्या पत्र्यावर त्याने रोमचे भग्न कमानी-खांब असे कोरले की नंतर खरे रोम पाहणाऱ्यांना रोमच फिके वाटावे. पत्रा एकच, कागद हवे तितके. 1748 मध्ये पॉम्पेईचे उत्खनन सुरू झाल्यावर तर अवशेषांची लाटच आली. आयर्लंडमधल्या कॅसलटाउन वाड्यात लेडी लुइसा कोनोलीने एका खोलीच्या भिंतींवर छापचित्रे थेट खळीने चिकटवली आणि भोवती कागदी चौकटी कापून लावल्या. ती खोली आजही आहे.

इंग्रजांनी ही आवड बरोबर आणली. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम 1786 मध्ये कलकत्त्यात उतरले, देशभर फिरले आणि परत जाऊन 1795 ते 1808 या काळात त्यांनी 'ओरिएंटल सीनरी'चे 144 देखावे छापले. आपल्याला त्यांच्यापेक्षा जवळची गोष्ट मात्र पुण्यात घडत होती. पेशवे दरबारातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याला लेण्यांचे वेड होते. त्याच्या आग्रहावरून सवाई माधवरावांच्या काळात शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. शिकवायला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स, आणि त्याच्या हाताखाली तयार झालेला सर्वांत तरबेज माणूस म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट. हा गंगाराम पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढी, तालमीतले पैलवान काढी, आणि वेरूळची लेणीही. मॅलेटने वेरूळवर लेख लिहिला तेव्हा गंगारामची चित्रे त्याच्या कामी आली. एका पुणेकराने नीट मोजूनमापून लेणे कागदावर उतरवावे, हे आपल्याकडे नवे होते. तोवर लेणे पाहायचे म्हणजे दर्शन घ्यायचे.

वेल्स 1795 मध्ये वारला. त्याच्या चित्रांवरून थॉमस डॅनियलने वेरूळचे 24 देखावे लंडनमध्ये तयार केले. तंत्र अॅक्वाटिंटचे. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड पेरायची, खालून ऊब देऊन ती चिकटवायची, मग पत्रा आम्लात बुडवायचा. राळेच्या कणांमधल्या फटींत आम्ल तांबे खाते आणि शाई धरणारा रवाळ पोत उठतो. जिथे उजेड हवा तिथे रोगण लावून आम्ल अडवायचे, जिथे काळोख हवा तिथे पुन्हापुन्हा बुडवायचे. लेण्याच्या आतला अंधार दाखवायला यापेक्षा सोयीचे तंत्र तेव्हा नव्हते. छापून झाले की कारागीर एकेक कागद जलरंगांनी रंगवत. पुस्तक निघाले 1803 मध्ये; त्यावर नावे वेल्स आणि डॅनियल यांची. त्याच वर्षी 23 सप्टेंबरला, आज जालना जिल्ह्यात असलेल्या असई गावाजवळ, इंग्रज सेनापती वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. या मुलखातला विजय आणि या मुलखाची चित्रे इंग्रजांना एकाच वर्षी मिळाली म्हणायची. पुढे 1807 मध्ये फ्रान्सच्या झ्युबर कारखान्याने डॅनियलांच्या चित्रांवरून 'हिंदुस्थान' नावाचा भिंतभर वॉलपेपरच काढला.

आपल्या घरांत मात्र छापचित्र आले ते देवांचे. 1894 मध्ये रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वती खेड्यापाड्यांत पोचल्या. अखंड, भरजरी, प्रसन्न. अजिंठा-वेरूळ आणि जालना 1 मे 1981 पर्यंत एकाच औरंगाबाद जिल्ह्यात होते, पण इथल्या माणसाने लेणे भिंतीवर लावले ते कॅलेंडरच्या पानावर, तेही बहुधा अजिंठ्याचा पद्मपाणी असेल तर. त्याचा चेहरा शाबूत आहे, हे एक कारण असावे. पडक्यातले सौंदर्य आपल्याला नंतर, पर्यटनाच्या पोस्टरांनी आणि 1983 च्या जागतिक वारशाच्या शिक्क्याने शिकवले.

एवढी लांबची आयात करताना घरची एक गोष्ट राहून जाते. जालना जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर तिथल्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. तिथल्या उत्खननात सातवाहन काळातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, शेजारी छोट्या सेविका, पायांत जड वाळे. तिची जवळजवळ सख्खी बहीण 1938 मध्ये सापडली पॉम्पेईत, इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या एका घरात. उंची जेमतेम 25 सेंटिमीटर. ती भोकरदन परिसरातच घडली असावी असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या पॉम्पेईच्या अवशेषांनी युरोपच्या भिंती सजल्या, तिथल्या घराच्या सजावटीत आपल्याकडची बाई आधीच जाऊन उभी होती. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात असते. ती आरशाची मूठ होती की मेजाचा पाय, यावर विद्वानांचे एकमत नाही. डोक्यावरून खाली पाडलेले भोक दोन्हींना चालण्यासारखे आहे.