पुरावा कोणी द्यायचा?

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी येथील कारखान्यांच्या दारांशी फौजेतून परतलेले जवान पहारा करीत असत, आणि आत आम्ही संघटना बांधीत असू. दुखापतीच्या दाव्यात दोघांपुढे प्रश्न एकच असे: पुरावा कोणी द्यायचा?

कामगाराला त्याचे उत्तर आधी मिळाले. 1948 च्या राज्य कामगार विमा कायद्यात 1966 च्या दुरुस्तीने कलम 51-अ आले. कामावर असताना झालेला अपघात, उलट पुरावा नसल्यास, कामामुळेच झाला असे त्याने मानले.

जवानासाठी 1982 च्या नियमांत असेच तत्त्व होते. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार एरवी सेवेतच जडला असे धरायचे. तरीही वैद्यकीय मंडळ शेरा मारी, की आजार सेवेमुळे उद्भवला नाही, सेवेने बळावलाही नाही. आणि अपंगत्वाची पेन्शन नाकारली जाई.

धरमवीर सिंग 1985 साली सिग्नल दलात भरती झाले. 1994 साली अपस्मारामुळे, 20 टक्के अपंगत्व ठरवून, त्यांना सेवेतून काढण्यात आले. पेन्शन नाकारली गेली. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: पुराव्याचा भार जवानावर नाही, आणि मंडळाने आपल्या मताची कारणे दिलीच पाहिजेत. एका शेऱ्याला उत्तर मिळण्यास 19 वर्षे लागली!

2007 च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण निर्माण झाले. त्याचे एक पीठ मुंबईत आहे. 2023 साली नियम बदलले, म्हणून ज्याने त्याने आपल्या सेवाकाळाचा नियम पाहावा. भरतीचा कागद व मंडळाचा अहवाल मात्र जपून ठेवावा. नकाराचे पत्र आले, तर त्यातले कारण आधी वाचावे. कारणच नसेल, तर अपिलाची सुरुवात तिथूनच करावी.