जोडबस : इंजिनाची जागा आणि प्रवाशाची पायरी

सांध्याने जोडलेल्या दोन भागांच्या शहरी बसचा इतिहास सामान्यतः इंधनबदलाचा मानला जातो; वस्तुतः तो इंजिनाच्या जागेचाही आहे. १९७३ पासून हंगेरीत निर्माण झालेल्या इकारुस २८० मध्ये डिझेल इंजिन पुढील भागाच्या तळाखाली असल्याने तळ उंच राहिला. वृद्ध व अपंगांसाठी पायऱ्या अडसर ठरल्या. त्याच दशकाच्या अखेरीस जर्मनीच्या मर्सिडीज ओ ३०५ जी बसमध्ये इंजिन मागच्या टोकास गेले. मागून रेटली जाणारी बस दुमडू नये म्हणून सांध्यावर नियंत्रण आले. याच मांडणीवर पुढे सिटारोची दारे पायरीविना झाली. २००७ मध्ये संकरित, तर २०२० मध्ये विद्युत सिटारो जोडबस अवतरली. सारांश, विजेने धूर थांबवला. पायरी मात्र डिझेलच्याच काळात हटली होती.