अजिंठ्याचे रंग

अजिंठा निजामाच्या राज्यात होता. तेथील भित्तिचित्रे जपण्यासाठी हैदराबाद संस्थानाने १९२० साली इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी यांना पाचारण केले. त्यांनी सुटत चाललेला रंगलेप भिंतीस पक्का केला आणि वर लाखेचे रोगण चढविले. हेतू चांगला, परंतु रोगण पुढे पिवळे पडले. पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांच्या ग्रंथांतून १९३० पासून जी रंगीत छायाचित्रे जगापुढे आली, ती या रोगणाआडूनच घेतलेली.

आज ही चित्रे संगणकावर पाहतात आणि पडद्यागणिक रंग पालटतो. प्रत्येक पडद्याचा रंगस्वभाव नोंदवून तो जुळविण्याचा समान संकेत १९९३ नंतर रूढ होत गेला. लिनक्सच्या ‘वेलँड’ या नव्या चित्रव्यवस्थेत तो २०२५ साली आला. उशीर झालाच! पडदे जुळले, तरी छायाचित्रांतील तो पिवळेपणा तसाच, इमानाने, दिसत राहील.