पुण्यातला गुरुवार आणि केनियाची वाट

२९ फेब्रुवारी १९९६, गुरुवार. ईद होऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्या दिवशी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर विश्वचषकाचा सामना होता, केनिया विरुद्ध वेस्ट इंडिज. मी तेव्हा शाळेत होतो. समोर लारा, रिचर्डसन, ॲम्ब्रोज, वॉल्श अशी नावं. आमच्या मोहल्ल्यात चर्चा एवढीच, की सामना किती लवकर संपेल.

केनियाचा डाव १६६ धावांत आटोपला. त्यातल्या ३७ अवांतर होत्या. म्हणजे कुठल्याही फलंदाजापेक्षा जास्त धावा वेस्ट इंडिजच्या स्वैर गोलंदाजीनेच दिल्या. पण नंतर जे घडलं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. रजब अलीच्या चेंडूवर लाराच्या बॅटची कड लागली आणि यष्टिरक्षक तारिक इक्बालने झेल पकडला. कर्णधार मॉरिस ओडुंबेने १५ धावांत ३ बळी घेतले. दोन वेळचा जगज्जेता संघ ९३ धावांत गारद! केनिया ७३ धावांनी जिंकला.

आज मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. मुलांना ही गोष्ट सांगितली की ती टाळ्या वाजवतात आणि लगेच विचारतात, ‘सर, फिर क्या हुआ?’ माझ्या मते खरा धडा याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

हा विजय आकाशातून पडला नव्हता. पूर्व आफ्रिकेत गेलेल्या भारतीय कुटुंबांनी नैरोबी, मोंबासात जिमखाने काढले. तिथे त्यांची मुलं खेळली आणि शेजारची आफ्रिकन मुलंही खेळू लागली. म्हणून त्या संघात टिकोलो, ओडुंबे, सुजी यांच्याबरोबर आसिफ करीम, हितेश मोदी, दीपक चुडासामा दिसतात. विश्वचषकाच्या वेळी प्रशिक्षक होते भारताचे माजी कसोटीपटू हनुमंत सिंग.

पुढे नेतृत्व मोंबासाच्या आसिफ करीमकडे आलं. हा डावखुरा फिरकीपटू डेव्हिस चषकात केनियाकडून टेनिसही खेळलेला. १९९८ मध्ये त्याच्या संघाने ग्वाल्हेरला भारताला ६९ धावांनी हरवलं. मग आपले संदीप पाटील प्रशिक्षक झाले. मुंबईच्या मैदानावर वाढलेल्या या माणसाने केनियाच्या मुलांना आपणही जिंकू शकतो हे पटवलं.

२००३ च्या विश्वचषकात स्टीव्ह टिकोलोच्या संघाने नैरोबीत श्रीलंकेला हरवलं. कॉलिन्स ओबुयाने २४ धावांत ५ बळी घेतले. न्यूझीलंडने सुरक्षेचं कारण देऊन नैरोबीला यायचं नाकारलं, ते गुण केनियाला मिळाले. काहीजण म्हणतात, नशिबाने उपांत्य फेरी गाठली. नशीब होतंच. पण श्रीलंका, बांगलादेश आणि झिम्बाब्वे यांना काही नशिबाने हरवलं नव्हतं. निवृत्तीतून परत आलेल्या ३९ वर्षांच्या करीमने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ८.२ षटकं टाकली. त्यातली ६ निर्धाव, ७ धावा आणि ३ बळी. सामना ऑस्ट्रेलियाने जिंकला, पण सामनावीर करीम ठरला. पुढे डर्बनला उपांत्य सामन्यात भारताने केनियाला ९१ धावांनी हरवलं.

आणि तिथून उतार लागला. मंडळात भांडणं, पैशांचे वाद, खेळाडूंचा संप. पुण्याचा नायक ओडुंबे याच्यावर सट्टेबाजाशी संबंध ठेवल्याबद्दल २००४ मध्ये पाच वर्षांची बंदी आली. जुने खेळाडू थकले, पण त्यांची जागा घेणारी पिढी तयार झालेली नव्हती. १९९७ च्या आयसीसी ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात केनियाला हरवणाऱ्या बांगलादेशला २००० साली कसोटीचा दर्जा मिळाला. केनियाला तो कधीच मिळाला नाही. २०१४ मध्ये तर एकदिवसीय सामन्यांचा दर्जाही गेला.

मला हा इतिहास फक्त क्रिकेटचा वाटत नाही. आपल्या समाजातही असंच होतं. मोहल्ल्यातलं एखादं पोर डॉक्टर होतं, अधिकारी होतं. आपण फेटा बांधतो, सत्कार करतो, फ्लेक्स लावतो. पण त्याच्या मागच्या वर्गात बसलेल्या चाळीस मुलांसाठी अभ्यासिका काढत नाही, संध्याकाळी दोन तास शिकवणारा माणूस नेमत नाही. मग दहा वर्षांनीही आपण त्याच एका नावाचं कौतुक करत बसतो.

केनियाकडे गुणवान माणसं होती आणि चांगले कर्णधारही होते. नव्हती ती कर्णधार गेल्यावरही चालत राहील अशी व्यवस्था. पुण्यातला तो विजय एका दिवसाचा होता. तो टिकवायचं काम रोजचं होतं.

म्हणून मुलांनी ‘फिर क्या हुआ?’ विचारलं की मी २००३ वर थांबत नाही. २०१४ पर्यंत सांगतो. टाळ्या थांबतात, वर्ग गप्प होतो. आणि मला वाटतं, शिकवणं तिथून सुरू होतं.