मुल्कोवालचा चिमटा

* जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेगची लस मुंबईत मांसरसात तयार होई. रसावर तुपाचे थेंब तरंगत आणि त्यांना धरून प्लेगचे जंतू झुंबरासारखे खाली लोंबत वाढत. पण असल्या पोषक रसात मातीतले जंतूही तितकेच फोफावतात, म्हणून बाटलीचे तोंड आणि चिमटा ज्योतीवरून फिरवायलाच हवा. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मुल्कोवाल येथे ही लस टोचण्याच्या वेळी बाटलीचे बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला. मदतनिसाने तो नुसता कार्बोलिक या जंतुनाशकात खळबळून घेतला. धनुर्वाताचे बीजाणू एवढ्याने मरत नाहीत. त्या चिमट्याने उघडलेल्या एका बाटलीतून लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका मात्र मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन १९०७ मध्ये दोषमुक्त झाले, तोवर त्यांची उमेदीची वर्षे वाया गेली होती. हा उघड अन्याय होता. — संपा.