पूर्णा (जंक्शन)

परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, नगरपरिषद आणि दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागातील जंक्शन. परभणी–वसमत रस्त्यावरील झिरो फाट्यावरून इकडे वळता येते, पण पूर्णेला जायचे तर आजही माणसे आधी गाडीचीच वेळ विचारतात. नाव नदीवरून पडले. ही पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगवून येलदरी, सिद्धेश्वर धरणे ओलांडत गोदावरीला मिळते. तापीला मिळणारी वऱ्हाडातील पूर्णा वेगळी. वसमतचा ‘पूर्णा’ साखर कारखानाही नदीच्याच नावाचा आहे, तो या गावातला नव्हे.

गावाचा खरा इतिहास रुळांबरोबर सुरू होतो. निजामी राजवटीत हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुली झाली आणि मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज मार्ग मराठवाड्याच्या काळ्या मातीतून गेला. मोठ्या दुष्काळाचा तो काळ होता. पुढे १९१२ मध्ये पूर्णेहून हिंगोलीला फाटा निघाला. स्वातंत्र्यानंतर तो अकोला, खांडव्यापर्यंत जोडला गेला, तेव्हा पूर्णा हे दक्षिण आणि उत्तर भारत यांना सांधणारे मीटरगेजचे नाके झाले. काचीगुड्याहून थेट जयपूरकडे जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच वाटेने धावे.

लोको शेड, रनिंग रूम, गार्ड, फायरमन, गँगमन, खलाशी यांनी गावाची वस्ती घडवली. तेलुगू, उर्दू, हिंदी बोलणारी घरे रेल्वे क्वार्टर्समध्ये मराठी शेजाराला आली. भोवतालच्या खेड्यांतील दलित तरुणांना सालदारकीबाहेरचा पगार पहिल्यांदा या नोकऱ्यांनी दिला. पूर्णेतील आंबेडकरी चळवळीचा जोर या पगाराशी निगडित आहे. येथील बुद्धविहार आणि दरवर्षी भरणारी धम्म परिषद मराठवाड्यात परिचित आहेत. जुन्या वाड्यांपेक्षा आणि देवळांपेक्षा या गावाची ओळख सांगताना हीच नोंद आधी करायला हवी.

१९५० मध्ये निजामाची रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन झाली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे स्थापन झाली, २००३ मध्ये नांदेड विभाग झाला. गावाच्या पोटावर मात्र गेज बदलाचा परिणाम अधिक झाला. १९९० च्या दशकात मनमाडकडून ब्रॉडगेज पूर्णेपर्यंत आले, पण अकोल्याचा मार्ग २००८ पर्यंत मीटरगेजच राहिला. त्या काळात मुंबईकडून आलेला हिंगोलीचा उतारू बोचकी, ट्रंका घेऊन इथे उतरे आणि दुसऱ्या फलाटावरच्या छोट्या गाडीत चढे. या थांब्यावर चहावाले, हमाल, भजी तळणारे जगत. सगळे ब्रॉडगेज झाल्यावर गाडी बदलण्याचे कारण उरले नाही. अकोला मार्गाच्या काही गाड्यांचे इंजिन मात्र इथे अजून एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लागते. कपलिंग सुटते, ब्रेकची नळी जोडली जाते आणि तेवढ्या वेळात फलाटावर पाण्याच्या बाटल्या भरून होतात. पूर्णा ज्यावर आहे त्या परभणी–मुदखेड टप्प्याचे दुहेरीकरण पूर्ण झाले आहे.

लोकसंख्या : २००१ च्या जनगणनेत सुमारे ३३ हजार, २०११ मध्ये ३६ हजारांवर. त्याच दशकात जिल्ह्याची लोकसंख्या १५,२७,७१५ वरून १८,३६,०८६ झाली, म्हणजे वीस टक्क्यांनी वाढली. पूर्णेची वाढ त्याच्या निम्म्याच्या आसपास. १९९९ मध्ये हिंगोली वेगळा जिल्हा झाला, हे जुन्या परभणी जिल्ह्याच्या आकड्यांशी तुलना करताना ध्यानात ठेवावे. २०२१ ची जनगणना झाली नाही.

शेती : कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी, हळद, पाणी असेल तेथे ऊस. बाजार समिती आहे.

तालुक्यातील ताडकळस येथे स्वतंत्र बाजार समिती व पोलीस ठाणे आहे. ताडकळसला रेल्वे नाही. तेथील लांबच्या प्रवासाला पूर्णा किंवा परभणी स्थानक गाठावे लागते.